पोटातल्या पहारेकऱ्यांचा शोध

रात्री झोपण्याआधी दुधाला विरजण लावायचं, हे काम आपण इतक्या सवयीनं करतो की त्यात काही विशेष आहे असं वाटतच नाही. पण साधारण सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिससारख्या शहरात याच आंबवलेल्या दुधाची मोठी लाट आली होती. म्हातारपण लांबवायचं असेल तर आंबट दूध प्या, असं लोक एकमेकांना सांगू लागले होते. त्यामागे एका माणसाचा शब्द होता. त्यांचं नाव इल्या मेचनिकॉव्ह. १९०८ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं. पण ते दह्यासाठी नाही बरं का! परक्याला ओळखून गिळून टाकणाऱ्या पेशी आपल्या शरीरात असतात, हे त्यांनी दाखवलं, त्यासाठी.

मी कलाशाखेची पदवीधर, विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. पण बचत गटातल्या बायकांबरोबर आरोग्याच्या बैठका घ्यायला लागले आणि पोटाच्या तक्रारी इतक्या ऐकल्या, की आतड्यांविषयी मिळेल ते वाचायला लागले. वाचताना दर वळणावर हे मेचनिकॉव्ह भेटत राहिले. आज त्यांचीच गोष्ट सांगते. मला ती सांगावीशी वाटते याचं कारण असं, की शरीराचे पहारेकरी ज्यांनी शोधले, त्यांनीच आपल्या मोठ्या आतड्याला मात्र वैरी ठरवलं. आणि त्याची किंमत मोजावी लागली ती जास्त करून बायकांना.

आईनं वळवलेली वाट

मेचनिकॉव्ह यांचा जन्म मे १८४५ मधला. आज युक्रेनमध्ये असलेल्या खारकीव शहराजवळच्या खेड्यातला. तेव्हा तो सगळा भाग रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. वडील सैन्यात अधिकारी, आई एमिलिया मूळच्या ज्यू घराण्यातल्या. पाच भावंडांत इल्या हे शेंडेफळ. लहानपणापासून रानात हिंडायचं, किडे-पानं गोळा करायची आणि आजूबाजूच्या मुलांना जमवून त्यांच्यापुढे भाषण ठोकायचं, हा त्याचा खेळ.

मोठं झाल्यावर त्याला डॉक्टर व्हायचं होतं. पण आई मुलाला ओळखून होती. हा इतका हळवा, लोकांची दुखणी रोज बघणं याला सोसायचं नाही, हे जाणून तिनं त्याला प्राणिशास्त्राकडे वळवलं. आईच्या त्या एका सल्ल्यानं वैद्यकशास्त्राचं केवढं भलं झालं! डॉक्टर झाले असते, तर समुद्रातल्या बारक्या जीवांकडे त्यांचं लक्ष गेलंच नसतं. चार वर्षांचा विद्यापीठाचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत संपवला. मग जर्मनी, इटली असं फिरत समुद्री प्राण्यांचा अभ्यास केला, आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी ओडेसाच्या विद्यापीठात शिकवायला लागले.

दोन आजारपणं

१८६९ मध्ये त्यांचं ल्युडमिलाशी लग्न झालं. तिला क्षय होता. लग्नाच्या दिवशी चर्चपर्यंत चालत जाण्याचीही ताकद तिच्यात नव्हती. खुर्चीत बसवून तिला न्यावं लागलं. आपल्याकडे काय, तिकडे काय, आजारी मुलीशी जाणूनबुजून लग्न करणारा पुरुष विरळाच. पुढची चार वर्षं तिला वाचवण्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. जादा कामं घेतली, स्वतःचे डोळे बिघडलेले असताना भाषांतरं केली. हवापालटासाठी तिला दूर अटलांटिक महासागरातल्या मदिरा बेटावर नेलं. क्षयावर तेव्हा औषधच नव्हतं. एप्रिल १८७३ मध्ये ती गेली.

ते पार खचले. जगण्यात अर्थ नाही असं वाटून त्यांनी आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला, पण वाचले. त्या काळात जिनिव्हाच्या नदीवरच्या पुलावर एका दिव्याभोवती घिरट्या घालणारे किडे त्यांना दिसले. जेमतेम काही तास जगणारे हे जीव, यांना निसर्गाचा निवडीचा नियम कसा लागू पडत असेल, असा प्रश्न त्यांच्या मनात आला. प्रश्न पडला आणि माणूस पुन्हा कामाकडे वळला. दुःखात बुडालेल्याला मोठमोठे उपदेश नको असतात, कधीकधी एखादं छोटंसं कुतूहलसुद्धा काठावर आणतं.

१८७५ मध्ये त्यांनी दुसरं लग्न केलं. ऑल्गा ही त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी, सोळा-सतरा वर्षांची मुलगी. वरच्या मुलांच्या धिंगाण्यानं वैतागलेल्या मेचनिकॉव्हांची त्या घराशी ओळख झाली, आणि ऑल्गाला प्राणिशास्त्र शिकवता शिकवता लग्न ठरलं. १८८० मध्ये तिला विषमज्वर, म्हणजे आपला टायफॉइड झाला. पहिल्या बायकोचं मरण बघितलेला हा माणूस पुन्हा उशाशी बसला. ऑल्गा वाचली, पण त्या ताणानं यांचीच तब्येत आणि मन दोन्ही ढासळलं, आणि पुन्हा एकदा त्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घातला. त्यातूनही ते बचावले. आणि आश्चर्य म्हणजे त्यानंतर त्यांची जगण्याची ओढ वाढतच गेली. निराशेतून उठलेल्या या माणसानं पुढचं सगळं आयुष्य माणूस जगतो कसा, याच प्रश्नाला वाहिलं.

काट्यानं सुटलेलं कोडं

१८८२ मध्ये विद्यापीठातल्या राजकारणाला कंटाळून त्यांनी नोकरी सोडली आणि कुटुंबासह इटलीतल्या मेसिना गावी समुद्राकाठी जाऊन राहिले. ऑल्गाचे आईवडील वारले होते, त्यामुळे तिची धाकटी भावंडंही यांच्याच पदरात होती. एके दिवशी ही सगळी मंडळी माकडांचे खेळ बघायला सर्कशीला गेली. घरात हे एकटे, समोर सूक्ष्मदर्शक यंत्र, आणि त्याखाली तारामाशाचं काचेसारखं पारदर्शक पिल्लू. त्याच्या अंगात काही पेशी इकडून तिकडे फिरताना दिसत होत्या.

या फिरत्या पेशी गस्त तर घालत नसतील? बाहेरून कुणी घुसला तर त्या तिथे धावून जात असतील का? विचार मनात आला आणि त्यांना बसवेना. नाताळसाठी मुलांना म्हणून बागेत एक छोटं संत्र्याचं झाड सजवलं होतं. त्याच बागेतून त्यांनी गुलाबाचे काटे आणले आणि त्या पिल्लांच्या कातडीखाली हळूच टोचले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही! सकाळी बघतात तो काय, काट्याभोवती त्या पेशींनी गराडा घातलेला.

आपल्या बोटात काटा मोडला की दुसऱ्या दिवशी तिथे ठणका लागतो, सूज येते, पू होतो. आईआजी पोटीस बांधायच्या ते आठवतं ना? ती सूज म्हणजे नुसता त्रास नाही, तिथे आपल्या रक्तातले पहारेकरी लढत असतात, हा अर्थ मेचनिकॉव्हांनी त्या काट्यातून काढला. व्हिएन्नाचे प्राध्यापक क्लाउस यांनी या पेशींना ग्रीक भाषेतलं नाव सुचवलं, 'फॅगोसाइट', म्हणजे भक्षक पेशी. त्यातल्या मोठ्या पेशींना मेचनिकॉव्हांनी मॅक्रोफेज म्हटलं. तो शब्द आजही डॉक्टरांच्या रोजच्या वापरात आहे.

सगळ्यांना हे लगेच पटलं असं नाही. विशेषतः जर्मनीतल्या शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं, की रोगाशी लढण्याची ताकद पेशींत नसून रक्ताच्या पाण्यात असते. वीस-पंचवीस वर्षं हा वाद चालला. शेवटी १९०८ चं नोबेल मेचनिकॉव्ह आणि दुसऱ्या पक्षाचे पॉल अर्लिख यांना वाटून मिळालं. आज आपल्याला माहीत आहे की दोघंही बरोबर होते. पेशीही लढतात आणि रक्तातली प्रतिपिंडंही. घरातल्या दोन सुनांसारखं, काम दोघींचं असतं, भांडणं उगाचच होतात!

मुंबईपर्यंत पोचलेला धागा

१८८८ पासून मेचनिकॉव्ह पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. ओडेसात त्यांच्याकडे शिकलेला एक तरुण होता. ज्यू असल्यामुळे त्याला तिथे पुढची वाट बंद झाली होती. तोही १८८९ मध्ये पॅरिसला आला आणि सुरुवातीला इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात कामाला लागला. त्याचं नाव वॉल्डेमार हाफकिन. हो, आपल्या मुंबईच्या परळची हाफकिन संस्था ज्यांच्या नावानं आहे, तेच!

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी मुंबईतच लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना आपल्या सावित्रीबाई फुले गेल्या. ती तारीख आपण कुणी विसरत नाही. तिच्या शेजारी ही दुसरी तारीखही लिहून ठेवावी असं मला वाटतं.

आतड्यांशी वैर

आता येते आतड्यांची गोष्ट. १८९० नंतर कॉलराचा अभ्यास करताना मेचनिकॉव्हांनी धाडस केलं. कॉलऱ्याचे जंतू ते स्वतः प्यायले. त्यांना काही झालं नाही. पण प्रयोगात सामील झालेल्या दुसऱ्या एकाला मात्र जोराचा कॉलरा झाला. जंतू तेच, मग एकाला काही नाही आणि दुसऱ्याला एवढं, असं का? त्यांचा निष्कर्ष असा, की आपल्या आतड्यात आधीच ठाण मांडून बसलेले जंतू ठरवतात, की पाहुण्याला थारा द्यायचा की नाही. किती मोठी गोष्ट त्यांनी ओळखली होती! आज त्यावर जगभर काम चालतं.

पण इथून पुढे त्यांचा तोल एका बाजूला झुकला. मोठ्या आतड्यात अन्न कुजतं, तिथले जंतू विष तयार करतात, ते रक्तात भिनतं आणि त्यामुळेच माणूस लवकर म्हातारा होतो, असं त्यांचं मत झालं. मोठं आतडं म्हणजे शरीराला नको असलेला भाग, असं ते लिहू लागले. उपाय म्हणून त्यांनी आंबट दुधाचा पुरस्कार केला. १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्यानं आपल्या देशातल्या दह्यातला जंतू शोधला होता. तिकडच्या खेड्यांतली दही खाणारी माणसं खूप जगतात, याकडे मेचनिकॉव्हांनी बोट दाखवलं. १९०७ मध्ये त्यांचं दीर्घायुष्यावरचं पुस्तक आलं. ते स्वतः रोज आंबट दूध घ्यायचे आणि कच्चं काही खायचे नाहीत, फळंसुद्धा शिजवून.

दही खाल्लं म्हणून कुणाचं वाईट झालं नाही. वाईट झालं ते पुढे. लंडनमधले एक बडे सर्जन, आर्बथनॉट लेन, यांनी हा विषाचा विचार उचलून धरला आणि जुन्या बद्धकोष्ठाच्या रुग्णांचं मोठं आतडं चक्क कापून काढायला सुरुवात केली. त्यांच्या टेबलावर आलेल्यांत बायकांची संख्या मोठी होती. थकवा, डोकेदुखी, चिडचिड, उदासपणा, सगळ्याचं खापर आतड्यावर. काहीजणी ऑपरेशननंतर वाचल्या नाहीत. १९१३ मध्ये लंडनच्या डॉक्टरांच्या सभांमध्ये यावर मोठं वादळ उठलं. पुढे लेन यांनीही ऑपरेशनं सोडून आहाराचा प्रचार सुरू केला. मेचनिकॉव्ह यांनी स्वतः कापाकापीचा आग्रह धरला नव्हता, त्यांचा भर खाण्यावर होता. पण मोठ्या माणसाचा शब्द एकदा बाहेर पडला की तो कुणाच्या हातात सुरी देईल, हे त्याच्याही हातात राहत नाही.

जे त्यांना दिसलं नाही

मेचनिकॉव्हांना आतड्यातले जंतू दिसले, जंतूंचं विष दिसलं. पण जंतू आणि आपण यांच्यामध्ये काय आहे, हे दिसलं नाही. मला या सगळ्या वाचनातला सर्वांत सुंदर भाग वाटतो तो हाच.

आपल्या आतड्याच्या आतल्या बाजूला एक बुळबुळीत थर असतो, श्लेष्माचा. नाकात असतो तसाच. पोट बिघडलं की आव पडते म्हणतो ना आपण, ती याच पदार्थाची. नाव घेतलं तरी नाक मुरडतो आपण! पण हा थर म्हणजे घराचा उंबरठा आहे. पेल्याच्या आकाराच्या बारक्या पेशी तो दिवसरात्र तयार करत असतात. त्याचा मुख्य घटक म्हणजे म्युसिन नावाचं प्रथिन. त्याला शास्त्रज्ञ एमयूसी-२ म्हणतात. पाच हजारांहून जास्त मण्यांची एक लांब माळ समजा, आणि त्या माळेला बाटली धुवायच्या ब्रशसारखे चारही बाजूंनी साखरेचे केस. वजनाचा विचार केला तर त्यात साधारण ऐंशी टक्के साखरच. ही साखर पाणी धरून ठेवते. सब्जाचं बी पाण्यात टाकलं की कसं टम्म फुगतं आणि भोवती गुळगुळीत थर धरतं? पेशीतून म्युसिन बाहेर पडलं की अगदी तसंच फुगतं. मग या माळा एकमेकींना टोकाला टोक जोडून जाळी विणतात.

मोठ्या आतड्यात या थराचे दोन पदर असतात. २००८ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी उंदरांच्या आतड्यात ते नीट दाखवून दिलं. आतला पदर दाट, त्यात जंतूंना शिरकाव नाही. बाहेरचा पदर सैल, तिथे जंतू सुखानं नांदतात आणि त्यातली साखर खातात. म्हणजे ओसरीवर पाहुण्यांना बसायला जागा, खायला चार घास, पण माजघरात मात्र प्रवेश नाही! इतकी साधी व्यवस्था आधी कशी दिसली नाही? कारण तपासणीसाठी आतड्याचा तुकडा नेहमीच्या पद्धतीनं पाणी असलेल्या औषधात ठेवला की हा थर आकसून जातो. वेगळ्या पद्धतीनं जपून ठेवला तरच दिसतो.

हे म्युसिन तयारच करू न शकणारे उंदीर संशोधकांनी वाढवून बघितले. त्यांच्या मोठ्या आतड्याला सूज आली, आणि पुढे कर्करोगाच्या गाठीही झाल्या. माणसांमध्ये 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' नावाचा आतडी सुजण्याचा आजार असतो, त्यातही हा आतला पदर कमजोर झालेला आढळतो. जंतू तेच असतात. उंबरठा झिजला की तेच शेजारी घुसखोर ठरतात आणि मेचनिकॉव्हांचे पहारेकरी त्यांच्यावर तुटून पडतात. लढाई चालू राहते आणि होरपळतं आपलंच आतडं.

आणखी एक गंमत. हा थर म्हणजे नुसती भिंत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या संशोधकांना उंदरांत दिसलं, की लहान आतड्यातल्या या पेल्यासारख्या पेशी खाल्लेल्या अन्नाचे बारके अंश आतल्या पहारेकरी पेशींच्या हाती देतात. जणू घरची बाई दारात आलेल्याची ओळख करून देते. २०१३ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पहारेकरी पेशी म्युसिनवरची साखर ओळखतात, आणि ती ओळख पटली की शांत राहतात, असं त्यात दिसलं. आपण रोज परकं अन्न खातो, तरी शरीर त्याच्याशी भांडत बसत नाही, त्यामागे अशी सोय आहे. परक्याला ओळखणं म्हणजे दर वेळी त्याला गिळणं नव्हे. कुणाशी लढायचं आणि कुणाला ओसरीवर बसू द्यायचं, हे कळणं म्हणजे खरी ओळख.

ऑल्गाबाईंचं काम

मेचनिकॉव्ह १५ जुलै १९१६ रोजी पॅरिसमध्ये हृदयविकारानं गेले. वय ७१. माणसानं शंभरी सहज ओलांडावी असं ज्यांना वाटत होतं, त्यांना स्वतःला ती गाठता आली नाही. त्यांच्या अस्थींचा कलश पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात ठेवलेला आहे. त्यांना मूलबाळ नव्हतं. ऑल्गाबाई स्वतः चित्रकार आणि शिल्पकार होत्या, आणि प्रयोगशाळेतही नवऱ्याला मदत करायच्या. नवऱ्यामागे त्यांनी त्यांचं चरित्र लिहिलं. मेसिनाच्या त्या दिवसाची, काट्यांची, पुलावरच्या किड्यांची आठवण आपल्यापर्यंत पोचली त्यात ऑल्गाबाईंच्या लेखणीचा मोठा वाटा आहे. सोळा-सतराव्या वर्षी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलीनंच त्यांचं आयुष्य जगासाठी जपून ठेवलं.

आपण काय घ्यायचं?

दही-ताक खाऊन आयुष्य वाढतं, हे काही सिद्ध झालेलं नाही. ताक जेवणात असावं, ते चांगलंच, पण त्याच्या जिवावर बाकीचं विसरू नये. २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. उंदरांच्या पोटात माणसाच्या आतड्यातले जंतू सोडले आणि आहारातला चोथा पूर्ण बंद केला. उपाशी जंतू मग तो श्लेष्माचा थरच खायला लागले, थर पातळ झाला आणि बाहेरच्या रोगजंतूंचं फावलं. उंदरांचा प्रयोग जसाच्या तसा माणसाला लावता येत नाही, हे खरं. पण ओसरीवरच्या पाहुण्याला खायला दिलं नाही तर तो घराच्या भिंती पोखरतो, हे समजायला सोपं आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, पालेभाजी, सालीसकट फळं, हे सगळं त्या पाहुण्यांचं जेवण. आणि आपल्या घरात काय होतं? भाजी सगळ्यांना वाढून आपल्या ताटात उरते ती वाटीच्या तळाशी राहिलेली. हे आधी बदलूया.

दुसरं, पोट साफ व्हायला हवं म्हणून दर आठवड्याला जुलाबाचं औषध घेणाऱ्या कितीतरी जणी माझ्या गटात आहेत. आतडं म्हणजे घासून लख्ख करायचं पातेलं नव्हे मैत्रिणींनो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही औषधं सतत घेऊ नका.

तिसरं, आणि माझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं. शौचाला रक्त पडत असेल, आव बरेच दिवस थांबत नसेल, वजन उतरत असेल, तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. बैठकीत बायका कंबरदुखी सांगतात, पाळीचं सांगतात, पण हे सांगायला तोंड उघडत नाहीत. आमच्या गटातल्या एक काकू चार महिने गप्प होत्या. सुनेच्या लक्षात आलं म्हणून दवाखान्यात पोचल्या आणि वेळेत उपचार मिळाले. शंभर वर्षांपूर्वी बायकांच्या पोटदुखीवर डॉक्टर सुरी घेऊन धावत होते, कारण आतड्याची कुणाला नीट ओळखच नव्हती. आज ती ओळख झाली आहे, तपासण्या आहेत, औषधं आहेत. आता गप्प बसून दुखणं वाढवायचं कशाला?

आपल्या पोटात असे कोट्यवधी पहारेकरी न सांगता, न थकता राबत असतात. निदान आपण त्यांच्या कामात अडथळा आणू नये, एवढं तर करता येईल ना?